सील बदलूनही तेल थांबेना : एका जुन्या ट्रकच्या गळतीचं प्रकरण

ट्रक सहाचाकी, टाटा ४०७ च्या मापाचा, वय वीस वर्षांच्या पुढे. मालक माझे दाजी. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला त्यांची शेती. स्वतःचा आणि शेजारपाजाऱ्यांचा कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात आणायचा आणि परतताना पेंड नाहीतर खताची पोती न्यायची, एवढंच त्या गाडीचं काम. तक्रार एका ओळीत मावणारी होती : "पाव्हणं, शाफ्टातनं तेल गळायलंय." दिवाळीनंतर गळती सुरू झाली, गॅरेजात सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी ओठाची कडी) बदललं, थोड्या फेऱ्यांत पुन्हा तेच. परत सील बदललं, परत गळती. तिसऱ्यांदा गॅरेजला नेण्याऐवजी दाजींनी गाडी जुळे सोलापुरात माझ्या घरापुढच्या मोकळ्या प्लॉटवर आणून लावली. सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे कांद्याचे लिलाव बंद होते, म्हणून हे जमलं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक भरात असताना ट्रक उभा ठेवायला जिल्ह्यातला एकही गाडीवाला तयार होत नाही, आणि सकाळी आणलेली गाडी संध्याकाळी परत हवी असली की गॅरेजवालाही सील मारून मोकळा होतो.

माझा व्यवसाय यंत्रमाग दुरुस्तीचा. गॅरेज मी चालवत नाही. पण बेअरिंग, सील आणि गिअर यांचं वागणं मागात काय नि ट्रकात काय, सारखंच असतं.

तेल नक्की कुठलं

प्रोपेलर शाफ्टच्या आत तेल नसतंच. गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलकडं नेणारा तो पोकळ नळा आहे. त्याच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या वळणाऱ्या सांध्यात) आणि सरकत्या जॉइंटमध्ये ग्रीस असतं, बस्स. म्हणजे शाफ्टाजवळ पातळ तेल दिसलं तर ते दोनच ठिकाणांहून आलेलं असू शकतं : पुढून गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या सीलमधून, नाहीतर मागून, चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या टेल पिनियनच्या (शाफ्टानं फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) सीलमधून. मधे दिसणारा ओला पट्टा फसवा असतो. शाफ्ट फिरताना तेल गोल उडवतो, ते फळ्यांच्या खालच्या बाजूला, चेसीच्या आडव्या पट्टीला, हँडब्रेकच्या केबलला लागतं. शिवाय पुढून गळालेलं तेल वाऱ्यानं मागं जातं. गिअरबॉक्सचं शेपूट गळत असलं तरी डिफरन्शियल तेलानं माखलेलं दिसतं, आणि मग चांगल्या सीलची उचकापाचक होते.

आम्ही आधी सगळं धुऊन घेतलं. डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी, मग मागावरच्या सुती चिंध्यांनी कोरडं. त्यावर घरातली टाल्कम पावडर फुंकली. "पावडर कशाला लावायलाव, मामा?" भाच्यानं विचारलं. गाडी विजापूर रोडनं टाकळीपर्यंत जाऊन आली तेव्हा त्याला उत्तर मिळालं. गिअरबॉक्सची पाठ पांढरीच्या पांढरी. पिनियनच्या फ्लँजमागं (शाफ्ट जिला बोल्टानं जोडतात त्या चकतीमागं) मात्र पावडर काळी पडली होती आणि तिथून एक ओघळ खाली हौसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीच्या, पोटापर्यंत गेलेला. वास घेतला तर गंधकाचा, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. डिफरन्शियलच्या तेलात दातांवर पडणारा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात, त्यांचा तो वास. गिअरबॉक्सच्या तेलाला तो इतका उग्र नसतो. वासावर एकट्यावर विसंबू नये, कारण बरेच ड्रायव्हर दोन्हीकडे एकाच डब्यातलं नव्वद नंबर गिअर तेल ओततात. पण पावडर आणि वास दोन्ही एकच सांगत असतील तर शंका उरत नाही.

इथपर्यंत गॅरेजवाल्याचं निदान बरोबरच होतं. गळत होतं ते पिनियनचं सीलच. पण सील नवं होतं.

खरी गोष्ट कळली ती पातळी बघताना. गाडी टाकळीहून परतली होती, हौसिंगला हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. तेल भरायचा बोल्ट मी अर्धा आटा सैल केला आणि आतून 'फुस्स' करून हवा सुटली, बोल्टाच्या कडेनं तेलाचा फेस आला. आत दाब होता. तो असायला नको. हौसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर बसवलेला असतो, गरम झालेली हवा त्यातून बाहेर जाते आणि थंड झाल्यावर बाहेरची हवा आत येते. आमच्या गाडीचा ब्रीदर शोधायलाच वेळ लागला. एक्सलच्या वर सुपारीएवढा काळ्या मातीचा गोळा वाळून बसला होता, तो स्क्रूड्रायव्हरनं फोडल्यावर आत पितळी टोपी सापडली. तिची भोकं पूर्ण बुजलेली.

हिशेब साधा आहे. सकाळी २० अंशांवर असलेली हवा ८० अंशांपर्यंत तापली आणि तिला जायला वाट नसली, तर दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दर चौरस इंचाला ३ पाउंडांच्या आसपास. तापलेलं तेलही फुगतं आणि हवेची जागा आणखी कमी करतं. ३ पाउंड म्हणजे टायरच्या मानानं काहीच नाही. पण साध्या ऑइल सीलचा रबरी ओठ तेल अडवण्यासाठी असतो, दाब अडवण्यासाठी नव्हे. तो दाब दोन्हीपैकी एकच काम करतो : ओठ उचलून तेल बाहेर ढकलतो, किंवा ओठ दांड्यावर इतका दाबून धरतो की तो लवकर झिजतो. त्यातही पिनियनचं सील तक्रार करतं ते बरं, निदान दिसतं तरी. तोच दाब चाकाच्या हबमधल्या सीलवर गेला की तेल ब्रेकच्या शूवर येतं, आणि ते कळतं ते भरल्या गाडीचा ब्रेक एका बाजूला ओढायला लागल्यावर. आम्ही मागचे दोन्ही ड्रम बघितले. कोरडे होते.

आता ब्रीदर बुजला कधी? दाजींना विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा वस्तीवरचं सामान हलवायला हीच गाडी पाण्यातून काढली होती. काळ्या रानातला चिखल सगळीकडे भरला. नंतर पाइप लावून बॉडी धुतली, चाकं धुतली, एक्सलच्या वरच्या बाजूला कोण बघतंय. आणि ब्रीदर त्याच दिवशी बुजला असेल तर त्यानं आणखी एक काम केलं असणार. गरम एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, ब्रीदरातून हवा मिळाली नाही तर ती सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते.

तेल काढलं तेव्हा हा अंदाज खरा ठरला. काढायच्या बोल्टाला हात लावण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघावं. आधी तेल काढलं आणि मग भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच राहते. आमचा सुटला होता. खालून जे आलं ते दुधाच्या चहाच्या रंगाचं. पाणी मिसळलेलं. चुंबकाच्या बोल्टावर राखाडी लुगदी होती, बोटांत चोळली तर गुळगुळीत, कण लागत नव्हते. टोकदार चकत्या निघाल्या असत्या तर सील बाजूला ठेवून क्राऊन-पिनियनच (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) उघडावे लागले असते, आणि ते काम घरी करायचं नाही.

शाफ्ट खाली घेताना

ह्या भागाबद्दल मी थोडा लांबण लावणार आहे, कारण घरगुती कामात माणूस दगावतो तो इथं.

शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नसतो, इंजिनाचा आणि चाकाचा संबंधच तुटलेला असतो. काही ट्रकांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या शेपटाला असतो. तिथं शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला. दोनही गोष्टींवर भरवसा ठेवून माणूस खाली झोपतो, शेवटचा बोल्ट काढतो आणि गाडी हलते. म्हणून जागा सपाट हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेत, गाडी रिकामी हवी. मागचा एक्सल उचलला तर तो लोखंडी घोड्यांवर टेकवायचा. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर कधीच नाही. भाजलेली वीट कधी फुटेल ते कुणी सांगू शकत नाही. भाच्याला मी एकच काम दिलं होतं, मी खाली असेपर्यंत कुणालाही गाडीत चढू द्यायचं नाही. दुपारी दाजींचा ड्रायव्हर मोबाइल विसरला म्हणून केबिनचं दार उघडायला गेला आणि भाच्यानं त्याला ओरडून खाली उतरवलं.

फ्लँज आणि शाफ्टाच्या तोंडावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारून ठेवली. जसा होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर भरधाव गाडीत थरथर येते. सरकत्या जॉइंटवरही खूण केली, कारण तो एका दाताच्या फरकानं बसला तर दोन्ही क्रॉसची दिशा बिघडते. शाफ्टाखाली पोत्याची गुंडाळी ठेवून बोल्ट काढले. क्रॉसच्या टोप्या टेपनं बांधल्या, त्या पडल्या की आतले सुईबेअरिंग मातीत सांडतात.

शाफ्ट सुटल्यावर फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढं-मागं हलवला. ही चाचणी सील बदलणारे बहुतेक जण गाळतात. पिनियनच्या बेअरिंगमध्ये खेळ असला तर सील कितीही भारी टाका, दांडा गाभ्याभोवती भिरभिरतो आणि ओठ त्याच्यामागं धावू शकत नाही. आमच्याकडे खेळ नव्हता. मागचा क्रॉस मात्र एका बाजूला कोरडा, गंजाची लाल भुकटी निघालेली. तो बदलायचाच होता.

फ्लँज धरून ठेवणारा पिनियनचा नट सोडण्याआधी एक माप घेतलं. पिनियनची बेअरिंगं ठरावीक दाबात कसलेली असतात. कित्येक एक्सलांत हा दाब आत चेपणाऱ्या स्पेसरवर (दोन बेअरिंगांमधल्या नळीवर) अवलंबून असतो. नट जास्त आवळला की स्पेसर कायमचा चेपतो, बेअरिंग गच्च होतात आणि पहिल्या भरल्या फेरीत जळतात. सैल ठेवला तर पिनियन मागंपुढं होऊन दात खातो. कुठला स्पेसर आहे ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा चेपणाराच आहे असं धरून चालणं शहाणपणाचं. फ्लँजला सुतळी गुंडाळली, टोकाला रद्दीवाल्याकडून आणलेला स्प्रिंगचा काटा लावला आणि सावकाश ओढत फ्लँज फिरवला. फिरत असताना काटा कुठं स्थिर राहतो ते भिंतीवर खडूनं लिहिलं. मग नटावर आणि पिनियनच्या टोकावर पंचाची एकेक खूण मारली, आणि नट सोडताना किती आटे फिरला ते भाच्यानं मोजलं. हे वेळखाऊ आहे, पण फुकट आहे.

फ्लँज धरून ठेवायला अँगलचा एक हातभर तुकडा दोन भोकं पाडून फ्लँजवर बोल्टानं आवळला आणि दुसरं टोक चेसीला अडवलं. फ्लँज बाहेर काढला तो पुलरनं. हातोड्यानं ठोकायचा मोह होतो, पण प्रत्येक ठोका सरळ बेअरिंगवर जातो.

झिजलेली वाट

फ्लँज हातात आल्यावर दुसरं कारण दिसलं. सीलचा ओठ जिथं टेकतो तिथं एक चर पडला होता, नख आडवं फिरवलं की अडकेल इतका खोल. आणि चराच्या कडेला गंजाचे बारीक खड्डे. वीस वर्षांत चर पडणं हे वयाचं लक्षण आहे, त्यात नवल नाही. खड्डे पुरानंतरचे वाटले. नवं सील ह्या चरात बसलं की त्याचा ओठ नीट दाबला जात नाही आणि खड्ड्यांची धार त्याला कापते. दोन सीलं वाया गेली ती अशी. जुनं सील काढून पाहिलं तर ओठाच्या एका भागाला काप गेलेले होतेच.

तीन मार्ग होते. नवा फ्लँज घ्यायचा. मिळतो, पण जुन्या गाडीला हुबेहूब मिळेल याची खात्री नाही, आणि उंचीत थोडाही फरक पडला तर नटाच्या खुणेला अर्थ उरत नाही. दुसरा मार्ग, नवं सील दोन-तीन मिलिमीटर कमी खोल बसवायचं, म्हणजे ओठ चराशेजारच्या कोऱ्या जागेवर येतो. हौसिंगमध्ये जागा असेल तर ही युक्ती चालते आणि खर्च शून्य, पण आमचे खड्डे पसरलेले होते. तिसरा मार्ग पातळ स्टीलची बाही चढवण्याचा. पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. बेअरिंगच्या दुकानात व्यासाचं माप दिलं की मिळते किंवा मागवून देतात.

दाजींचा कल चौथ्या मार्गाकडं होता : "लेथवर घालून साफ करून आणू की." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांची कामं करणारे उत्तम लेथवाले आहेत, माझं रोजचं जाणं-येणं. पण साध्या लेथवर टूल पुढं सरकत जातं आणि पृष्ठभागावर आट्यासारखी बारीक रेघ उमटते. डोळ्यांना ती दिसत नाही. दांडा फिरायला लागला की तीच रेघ तेलाला ओठाखालून बाहेर वाहून नेते. शिवाय व्यास कमी होतो तो वेगळाच. लेथवाल्याकडून मी फक्त फ्लँज डायलखाली फिरवून घेतला, वाकडा नाही ना एवढं बघायला. सरळ होता. खड्ड्यांत स्टीलची पुटी भरून बारीक पॉलिश पेपरनं समांतर केलं आणि बाही सरळ दाबून बसवली.

सील घेताना जुन्या सीलवर कोरलेली तीन मापं वाचून घ्यावीत : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दोन ओठांचं घ्यावं, एक तेलासाठी, एक धुळीसाठी. आपल्याकडच्या रस्त्यांना धुळीचा ओठ नसलेलं सील म्हणजे पैसे पाण्यात. साध्या नायट्राइल रबराला सुमारे १०० अंशांपर्यंतचं तेल चालतं, उष्णता सोसणाऱ्या व्हिटॉन रबराला २०० च्या आसपास. फरक काही शे रुपयांचा असतो. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत भरली गाडी पळवायची म्हणून आम्ही व्हिटॉन घेतलं, पण ब्रीदर बुजलेलाच ठेवला असता तर तेही गळलं असतं.

बसवण्यात विशेष काही नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडं, दोन ओठांच्या मधे ग्रीस, बाहेरच्या कडेच्या मापाचा पाइपचा तुकडा लावून चारही बाजूंनी सारखं ठोकत. फ्लँजच्या दात्यांना थोडा सीलंट, कारण कधी कधी तेल ओठाकडून न येता दात्यांमधून नटाखालून येतं आणि दोष सीलवर जातो. नट मोजलेले आटे फिरवून खुणेला खूण आणली, सुतळी-काटा परत लावला. भिंतीवरच्या आकड्याइतकाच आला. तो जास्त भरला असता तर नट सोडून समाधान मानता येत नाही. चेपणारा स्पेसर नवा घालायला सगळं उघडावं लागतं.

नवा क्रॉस टाकला, पांढरी रेघ जुळवली, शाफ्टाला नवे नट लावले. आतलं पाण्याचं तेल निघून जावं म्हणून थोडं स्वस्त तेल घालून, मागची चाकं घोड्यांवर अधांतरी ठेवून मंद फिरवली आणि तेही काढून टाकलं. मग जीएल-५ दर्जाचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं नव्वद नंबर. हायपॉइड डिफरन्शियलला, म्हणजे ज्यात दात एकमेकांवर घासत सरकतात त्याला, हेच लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र मागितलं नसेल तर हे ओतू नये, त्यातली रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देतात. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, थेंब बाहेर यायला लागला की बस्स, आणि गाडी सपाट जमिनीवर असताना. "जरा जास्तच घाल, गळलं तरी राहील" हा ड्रायव्हरचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवला. जास्त तेल म्हणजे आत हवेला कमी जागा, म्हणजे पुन्हा दाब. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल उचलणाऱ्या अधिकृत माणसाकडं दिलं. शेजारच्या काकांनी लाकडाला वाळवीसाठी म्हणून तांब्याभर मागितलं होतं, पण पाणी मिसळलेलं ते त्याही कामाचं नव्हतं.

ब्रीदरचं काम सगळ्यात स्वस्त निघालं. जुनी टोपी काढून तिथं नळीचं तोंड बसवलं, तेलाला टिकणारी रबरी नळी चेसीवरून बॉडीच्या खाली उंच नेली, टोक खाली वळवून टोपी लावली. एक्सल वर-खाली होतो म्हणून नळीला थोडी ढील ठेवली. आता पाणी एक्सलच्या वर आलं तरी नळीच्या तोंडाला लागायला बराच अवकाश आहे.

पुन्हा पावडर, पुन्हा टाकळी. परत आल्यावर भरायचा बोल्ट सैल केला तर आवाज नाही. पावडर कोरडी. यात्रा संपल्यावर पहिली भरलेली फेरी मोहोळहून यार्डात आली तेव्हा दाजींनी यार्डातूनच फोन लावला, खाली वाकून बघत असावेत, श्वास लागत होता : "कोरडं हाय बघा." त्यांना सांगितलं की हौसिंगला हात लावून बघा, एरवीपेक्षा जास्त गरम आहे का. नव्हती. पिनियनच्या बेअरिंगची बातमी गळतीवरून कळत नाही, उष्णतेवरून आणि आवाजावरून कळते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत हे बघायला लावलं.

बाहीचा भरवसा किती, हे पुढचा कांद्याचा हंगाम सांगेल. खड्डे भरलेल्या फ्लँजवर ती बसलीय, त्यामुळे तसाच फ्लँज जुन्या बाजारात दिसला तर घेऊन ठेवा, असं दाजींना सांगून ठेवलंय. ड्रायव्हरकडं दोन कामं दिलीत : महिन्यातून एकदा भरायच्या भोकात बोट घालून पातळी बघायची, आणि गाडी धुताना नळीचं टोक मोकळं आहे का ते बघायचं. पहिलं तो करतो. दुसरं सध्या भाचा करतोय.